डाव्या कुशीतली टाचणी

११ जानेवारी

बाईसाहेब,

सप्रेम वगैरे काही नाही, नुसताच नमस्कार.

आपलं पार्सल पोचलं. सहा वर्षांत एक ओळ लिहायला आपल्याला सवड झाली नाही, पण थोरल्या बहिणीला साठ वर्षं पूर्ण झाली हे बरोबर लक्षात राहिलं. कपडे शिवायच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर बसलं की असं होत असावं.

ड्रेस बघितला. गळा नीट बसलाय, ते मी नाकारत नाही. अस्तर सुरकुतलेलं नाही. माप न घेता शिवून माझ्या अंगाला बरोबर आला, याचा अर्थ माझं माप तुला अजून पाठ आहे. मी तो वाढदिवसाच्या दिवशी घातला आणि दुकान उघडलं. दोघी-तिघी गिऱ्हाइकांनी विचारलंसुद्धा, कुणी शिवला म्हणून. मी सांगितलं नाही.

दुपारपर्यंत ठीक होतं. मग डाव्या कुशीत, बरगडीच्या खाली, टोचायला लागलं. मी आधी दुर्लक्ष केलं. पुन्हा टोचलं. कोणीतरी टाचणी खुपसतंय, काढून घेतंय आणि तिथेच परत खुपसतंय, असं. शेवटी मी शटर अर्धं खाली ओढलं, ड्रेस काढला आणि कापायच्या टेबलावर दिव्याखाली धरून काखेपासून कमरेपर्यंत डावी शिवण उसवली.

आणि टाचणी सापडली. या पत्राच्या खालच्या कोपऱ्याला टोचून पाठवते आहे, म्हणजे तुझी तुला परत मिळेल.

आई आपल्याला काय शिकवत होती? कपडा हातावेगळा करण्याआधी टाचण्या मोजायच्या. जितक्या लावल्या तितक्या टाचण्यांच्या उशीत परत आल्या पाहिजेत. नऊ-दहा वर्षांच्या पोरींना जमायचं ते तुला छप्पन्नाव्या वर्षी जमत नाही, असं मी मानू? की मुद्दाम ठेवलीस? दुकान सोडून जाताना चार माणसांसमोर म्हणाली होतीस, ‘ताईच्या हाताखाली जन्म गेला माझा.’ त्याचा हिशेब चुकता करायला सहा वर्षं थांबलीस का?

ड्रेस सोबत परत पाठवला आहे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

— थोरली


२१ जानेवारी

बये,

तुझं पत्र आलं. ‘मी टाचणी ठेवलेली नाही’ हे एकच वाक्य लिहायला तू अख्खा कागद खर्च केलास. टाचणीबद्दल मी आता काही लिहिणार नाही. हे पत्र वेगळ्या कामासाठी आहे, आणि ते मनापासून लिहीत नाहीये हेही समजून घे.

तुझा ड्रेस परत केल्यावरही टोचणं थांबलं नाही. मी माझा राखाडी ड्रेस घातला, त्यातही टोचलं. तो उसवला. मग घरातला गाऊन उसवला. हसू नकोस. आपल्या धंद्यातल्या बाईला कुशीत टोचलं तर तिच्या मनात दुसरं काय येणार? त्यानंतर तिथे लाल झालं, पाण्याने भरलेले बारीक फोड आले, घोसाघोसाने. मला वाटलं टाचणी गंजलेली असणार, जखम चिघळली. मलम चोपडत बसले. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, ‘अहो, ही नागीण आहे. तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस संपला.’ एवढं शिकवून माझी पाचावर धारण बसवली आणि वर निघून गेल्या.

मग गेले आपल्या कोटवाल्या डॉक्टरांकडे. ज्यांचे पांढरे कोट आपण दोघींनी शिवले, आणि आता मी एकटी शिवते, तेच. ते म्हणाले, नागीणच आहे, पण ती कुणाला वेढा घालत नाही. एकाच बाजूला राहते. खरंच आहे ते. मी आरशात पाठ बघितली. पाठीच्या मधोमध कुणी खडूने रेघ मारून दिल्यासारखे फोड तिथे थांबलेत, रेघेपलीकडे एकही नाही.

म्हणाले, ‘पुरळ उठल्या उठल्या यायला हवं होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या की जास्त फायदा होतो. इतके दिवस काय करत होतात?’

मी काय सांगणार? शिवणी उसवत होते म्हणून?

मग ते सहज बोलून गेले, जसं काही हवापाण्याबद्दल बोलतोय, की याची लस असते. पन्नाशीनंतर घ्यायची. दोन डोस.

मी विचारलं, ‘लस आहे? मग मला कधी बोलला नाहीत?’

‘तुम्ही कधी विचारलं नाहीत.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, ‘डॉक्टर, तुमच्या कोटाच्या खिशाला आतून दुहेरी कापड लावते मी, पेनाने फाटू नये म्हणून. तुम्ही विचारलं होतं कधी? दहा वर्षं दर महिन्याला माझं ब्लडप्रेशर मोजताय. तेवढ्या वेळात एक वाक्य बोलता आलं नसतं?’ ते चिठ्ठी लिहायला लागले. मान खाली घालून लिहिणाऱ्या माणसावर जास्तच राग येतो.

गोळ्या लिहून देताना त्यांनी विचारलं, घरात पन्नाशीच्या पुढचं आणखी कोणी आहे का. मी नाही म्हणून सांगितलं. जिना अर्धा उतरले, परत वर गेले, दार ढकललं आणि म्हटलं, ‘एक बहीण आहे. पण ती घरात नसते.’

तर हे काम होतं. लस घे. तिकडे डॉक्टर असतीलच, की तुमच्या कारखान्यात तेही गणवेशात फिरतात?

— थोरली


४ मार्च

बये,

‘नागीण तुला चावली, आता त्या नागिणीचं कसं व्हायचं?’ हे वाक्य लिहून तू किती वेळ हसत बसली असशील ते मला इथे ऐकू आलं. पुढे लिहितेस, ‘ताई, तो तुझा संतापच अंगावर उठलाय. मी शांत बाई आहे, मला काही होत नाही.’

शांत बाई, आता माझं ऐक.

तू पाच वर्षांची होतीस आणि मी नऊ. आपल्याला कांजिण्या एकाच पलंगावर झाल्या. खाजवू नये म्हणून आईने आपल्या हातांत बाबांचे मोजे चढवून मनगटाशी नाडीने बांधले होते, आणि तू त्या मोज्यांनी मला बडवत होतीस. आठवतंय? त्या कांजिण्या गेल्या असं आपण समजलो. त्या गेलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, तो विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंमध्ये दडून बसतो आणि वय झालं, शरीराची राखण सैल पडली, की एखाद्या तंतूवरून बाहेर येतो. म्हणजे जे माझ्यात दडून बसलं होतं ते तुझ्यातही आहे. शांतपणाने ते झोपून राहत नाही. माझ्याकडून तुला नागीण लागणार नाही, कारण तुझी तुझ्यापाशीच आहे.

फोड वाळून पडले. डाग राहिलेत, डागांचं मला काही नाही. पण दुखणं गेलेलं नाही. फोड गेल्यावरही दुखत राहतं, महिनोन्महिने राहू शकतं, काही जणांचं त्याहून जास्त. म्हणे नस दुखावली गेली आहे. तुला सांगू काय होतं? कापड लागत नाही मला. कापड. मलमल लागली तरी निखारा ठेवल्यासारखं होतं. पंख्याचा वारा लागला तरी ओरडावंसं वाटतं. डावा हात कमरेवर ठेवून, कोपर बाहेर काढून बसते मशीनवर, किटलीसारखी, म्हणजे बाही कुशीला लागू नये. साठ वर्षं कापडात काढलेल्या बाईला कापड सहन होत नाही, आणि तू विनोद करतेस.

दुखण्याच्या गोळ्यांनी डोकं जड होतं. परवा डॉक्टरांचाच कोट कापायला घेतला आणि दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. दोन डाव्या बाह्या. मी. टेबलावर त्या एकमेकींशेजारी ठेवल्या आणि रडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘डॉक्टरांना चालेल, अक्षर नाहीतरी डाव्या हाताचंच आहे.’ मला ते सुचलं आणि तू नव्हतीस, म्हणून आणखी रडले. हे मी लिहायला नको होतं, पण शाईने लिहिते आहे, खोडत बसणार नाही.

आता मी एक करते. पन्नाशीच्या पुढचं गिऱ्हाईक आलं की मापाला उभं करते, गळ्याभोवती टेप टाकते आणि विचारते, ‘नागिणीची लस घेतलीत?’ टेप गळ्याभोवती असला की माणूस कुठे जात नाही. सगळं ऐकून घेतं. मास्तरीणबाईंनाही ऐकवलं, तोंड आणि शेपटासकट. डॉक्टर परवा म्हणाले, ‘बाई, तुमच्या दुकानातून माणसं माझ्याकडे एकामागून एक येतायत, मापाचे कागद हातात घेऊन.’ मी म्हटलं, ‘मग दवाखान्यात पाटी लावा, म्हणजे मला एवढं बोलावं लागणार नाही.’ लावली त्यांनी. अक्षर किरटं आहे, पण लावली.

अख्खं गाव ऐकतं आणि माझी सख्खी बहीण नाकाने कांदे सोलते.

खरं कारण मला माहीत आहे. तुला इंजेक्शनची भीती वाटते. शाळेत टोचायला नर्स आली तेव्हा तू पळून आलीस आणि कापायच्या टेबलाखाली गठ्ठ्यामागे लपलीस. दिवसभर बोटाला सुई टोचून घेणारी बाई, पण दंडाला लागायची म्हटली की पळ काढते. तुझ्या हाताखालच्या मुलींना कळवू का हे?

दुकानाच्या पाटीवर अजून ‘दोघी’च लिहिलेलं आहे. लोक विचारतात, दुसरी कुठे आहे. मला दरवेळी काहीतरी उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर वाईट असायला नको, एवढंच.

— थोरली


२८ मार्च

बये,

घेतलंस ते बरं केलंस. पण त्यावर तू चार पानं लिहिलीस. दंड सुजला, ताप आला, अंग मोडून आलं, दोन दिवस कामावर गेले नाही, आणि या सगळ्याला ताई जबाबदार. ‘दुसरं घेणार नाही’ या वाक्याखाली तू दोन रेघा ओढल्यास.

डॉक्टरांना विचारलं. दंड दुखणं, एखाद-दोन दिवस ताप येणं, हे या लसीत बऱ्याच जणांना होतं आणि आपोआप जातं. दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांत घ्यायचा. तो घेतल्याशिवाय काम पुरं होत नाही.

तू दोन दिवस झोपलीस. माझा तिसरा महिना चाललाय. दोन दिवसांचं दुखणं मला देणार असशील तर मी रांगेत उभी राहून घेईन.

तुला समजेल असं सांगते. पहिला डोस म्हणजे कच्चा टाका आहे. तो अंगावर ठीक बसतोय म्हणून कुणी तेवढ्यावर कपडा घालून बाजारात जात नाही. मशीन मारावं लागतं. हे मला तुला सांगावं लागतं याचा संताप येतो.

त्या दोन रेघा खोड.

— थोरली


९ मे

बये,

पार्सल मिळालं. मी ते पूर्ण दिवस उघडलं नाही, कारण तुझ्या पार्सलचा मला अनुभव आहे.

मग उघडलं. आधी वाटलं तू डोक्यावर पडलीस. शिवणी बाहेरच्या बाजूला. मार्जिनचं जादा कापड, टोकं, सगळं जगाला दिसेल असं बाहेर, आणि आत नुसतं गुळगुळीत रेशमी अस्तर, एक गाठ नाही की एक कड नाही. डावीकडे चार बोटं जास्त घेर, खांद्यावरून सरळ खाली सोडलेला, कुशीला लागणारच नाही असा. आपल्या धंद्यातल्या कुणी बघितलं तर म्हणेल, हिने उलटा घातलाय. आई असती तर उसवायला लावला असता.

मी तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. अस्तरावरून हात फिरवला. एवढा विचार करून कुणी माझ्यासाठी काही केलं नव्हतं गं कधी.

आणि तेवढ्यात खिशातली चिठ्ठी सापडली.

‘ताई, तू जानेवारीत पाठवलेली टाचणी पांढऱ्या काचेच्या डोक्याची होती. ती तुझ्या उशीतली आहे. मी इथे आल्यापासून साध्या पोलादी टाचण्या वापरते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.’

बरं. माझ्या उशीतलीच होती. मग? अख्खी शिवण उसवली आणि काही सापडलं नाही, तेव्हा मी काय लिहायचं होतं तुला? की सहा वर्षांनी तू काहीतरी पाठवलंस, ते घातलं आणि मला विनाकारण टोचायला लागलं? टाचणी खोटी होती, टोचणं खोटं नव्हतं. आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर चार महिने मूग गिळून का बसलीस? त्याच वेळी भांडली असतीस तर मी तेव्हाच दवाखान्यात गेले असते. हे अन्यायाचं बोलणं आहे हे मला कळतंय. तरी लिहिते आहे.

आता कपड्याचं. तो सगळा कच्च्या टाक्यात आहे. फिटिंग बघितल्याशिवाय तू मशीन मारणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. माझ्या डाव्या बाजूला मी कुणाला हात लावू देत नाही. डॉक्टरांनाही नाही. तुला लावू देईन की नाही ते आल्यावर बघू.

पण दुसरा डोस घेतल्याशिवाय यायचं नाही. माझं जे झालं ते तुझं झालेलं मला बघायचं नाही. तू दुसरा डोस घेतला नाहीस तर हा असाच कच्चा राहील, खुंटीला. मी हट्टी आहे हे तू चार माणसांत सांगितलं होतंस, ते खरं होतं.

— ताई


१५ जून

धाकटे,

काल तू गेलीस आणि आज पत्र लिहायला बसले, म्हणजे मलाही वेड लागलंय.

आधी रागाचं. दुसरा डोस तिकडे घेऊन यायला सांगितलं होतं. तू बॅग घेऊन सरळ कोटवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात उतरलीस आणि तिथून निरोप पाठवलास की ताई आल्याशिवाय टोचून घेणार नाही. एवढी घोडी झालीस, तरी माझा हात असा आवळलास की बोटं पांढरी पडली. डॉक्टर हसत होते. त्यांना म्हटलं, हसू नका, तुमचा कोट अजून द्यायचाय.

मग तुला ताप चढला. अंग तापलेलं असताना फिटिंग घ्यायची नाही म्हणून मी सांगत होते, तरी तू उठलीस. कपडा माझ्या अंगावर धरलास आणि डावीकडून तुझ्या आणलेल्या पोलादी टाचण्या अशा लावल्यास की एकदाही कापड कुशीला टेकलं नाही. तू श्वास रोखून धरला होतास, मीही. तेवढा वेळ आपण भांडलो नाही. ते माझ्या लक्षात आलं.

रात्रीतून तू मशीन मारलंस आणि सकाळच्या गाडीने गेलीस, जाताना म्हणालीस, ‘घालून बघ आणि शिव्या कळव.’

आज घातला. डावीकडे काही नाही. तुला काय सांगू, काही नाही. वारं यावं एवढी जागा. मी दोन्ही हात खाली सोडून उभी राहिले. कित्येक महिन्यांनी डावा हात खाली सोडला.

आणि उजव्या कुशीत टोचलं.

उजव्या. ज्या बाजूला मला कधी काही झालं नाही त्या बाजूला. मनात आलं, आता इकडूनही सुरू झालं. लस मी अजून घेतलेली नाही, डॉक्टर म्हणाले होते आधी काही महिने जाऊ देत. मी टेबलाला धरून उभी राहिले. मोठ्याने म्हटलं, ‘नाही, आता नाही.’ कपड्याला हात लावायची हिंमत होईना.

मग लावला. शिवण बाहेर असल्यामुळे उसवावं लागलं नाही. मार्जिनमध्ये टाचणी होती. खरी. पांढऱ्या काचेच्या डोक्याची.

पोलादी टाचण्या वापरणाऱ्या बाईच्या हातून ती चुकून राहिली असं मी मानणार नाही. बये, माझा जीव गेला असता. आणि त्यानंतर मी इतकी हसले की मास्तरीणबाई वरून खाली बघायला आल्या. हसताना डावी बाजू दुखली, तरी हसले.

टाचणी काढून उशीत परत ठेवली. मोजल्या. जानेवारीपासून एक कमी होती, आज बरोबर भरल्या.

डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हणाले, आता तुम्हीही घेऊ शकता, एकदा झाली म्हणून परत होत नाही असं नाही. पुढच्या आठवड्यात पहिला डोस आहे. ताप येतो असं तूच चार पानं लिहून कळवलं आहेस. तेव्हा दुकान बघायला कुणीतरी लागेल, आणि मला पाणी द्यायला. दुसऱ्या कुणाला बोलावलं तर बाह्या कुठल्याही कापून ठेवेल.

येताना टाचण्या आणू नकोस. इथे आहेत.

— ताई